टेबलावरचं काळं कापड

‘द मॅन हू ब्रोक द बँक ॲट मॉन्टे कार्लो’ हे गाणं आठवडाभर कानातून जात नाहीये. फ्रेड गिल्बर्टनं लिहिलेलं, चार्ल्स कोबर्ननं १८९० च्या दशकात लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये गाजवलेलं. चाल अशी की दुसऱ्यांदा ऐकताना पाय आपोआप ताल धरतो. १९३४ साली, ऐंशी ओलांडलेला कोबर्न कॅमेऱ्यासमोर तेच गाणं गायला. मला ते मनापासून आवडतं, म्हणूनच त्याचा राग येतो.

गाण्याच्या नावातलं ‘बँक फोडली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दरोडा येतो. पण मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत, म्हणजे जुगारघरात, बँक म्हणजे टेबलावरची रोकड. प्रत्येक टेबलाला ठरावीक रक्कम, एक लाख फ्रँक. कुणी जिंकत सुटला आणि ती संपली, की टेबलावर काळं कापड अंथरायचे, घरात कुणी गेल्यासारखं. मग तिजोरीतून नवे पैसे यायचे, कापड निघायचं, चाक परत फिरायचं. कॅसिनोचं काही बुडत नव्हतं. उलट बातमी फुटली की गर्दी वाढायची. रूलेटच्या त्या चाकावर आकड्यांची घरं ३७, आपला आकडा लागला तर मिळणार ३५ पट. एवढ्याशा फरकावर तो अख्खा महाल उभा आहे.

लहानपणी आमच्या आळीत एका काकांना मटका लागला होता. घरोघर पेढे वाटले. तो दिवस आळीत आजही सगळ्यांना आठवतो. काकूंच्या पाटल्या कधी गेल्या, ते मात्र कुणाला सांगता येत नाही. काकूंची मोकळी मनगटं मी पाहिलीत, पाणी भरताना.

या गाण्याचंही तेच झालंय. ज्याच्यामुळे ते गाजलं तो चार्ल्स वेल्स. जुलै १८९१ मध्ये त्याने मॉन्टे कार्लोत प्रचंड पैसा जिंकला आणि युरोपभर नाव झालं. गाण्यातला माणूस पॅरिसच्या बुलॉन्यच्या बागेत ऐटीत फिरतो, पोरी वळून बघतात. खरा वेल्स आगबोटींचा कोळसा वाचवणाऱ्या यंत्राचं आमिष दाखवून लोकांकडून पैसे उकळत होता. फिलिमोर नावाच्या एका बाईंनी त्याला १९,००० पौंडांच्या आसपास दिले होते. त्या काळातले! १८९३ मध्ये लंडनच्या कोर्टाने त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. सुटल्यावरही फसवणूक चालूच. १९२२ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

लोक तोवर गाणं गुणगुणतच होते, आजही गुणगुणतात. बागेत फिरणारा तो माणूस सगळ्यांना माहीत आहे. फिलिमोरबाईंचं नाव मला कोर्टाच्या हकिकती शोधताना सापडलं. चाल हवी तर तीच राहू द्या. पण त्यात एक कडवं त्यांचं हवं होतं.