तंबाखूचे पाणी भाजीवर मारू नका

‘पानाला भोक, रेघ किंवा सुरकुती दिसली की मूठभर तंबाखू उकळून ते पाणी फवारा; उपाय संपूर्ण नैसर्गिक आहे, दुसऱ्या दिवशी भाजी खुडून खा; जोडीला राख टाका,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आमच्या वहिनींनी तो गच्चीवरच्या पालकावर तंतोतंत अमलात आणला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, ही यातली सर्वांत घातक समजूत आहे. तंबाखूच्या पाण्यात कीड मारते ते निकोटीन, आणि ते माणसालाही विषारी असून त्वचेतूनसुद्धा अंगात भिनते. निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाच्या देशांतर्गत वापरावर १९९२ पासून बंदी आहे. उत्पादनाची मुभा आहे ती केवळ निर्यातीसाठी. कारखान्यात मोजूनमापून केलेले जे औषध सरकारला शेतातही नको, तेच द्रव्य स्वयंपाकघरातल्या पातेल्यात अंदाजाने उकळून उद्या खायच्या पानावर मारायचे, याला काय म्हणावे? शिवाय तंबाखू लागलेल्या हातांनी टोमॅटो-मिरचीची रोपे हाताळल्यास पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या मोझॅक विषाणूची लागण होऊ शकते, ते वेगळेच.

सगळ्या लक्षणांना एकच उपाय, हेही चूक. टोमॅटोच्या पानावरची पांढरी नागमोडी रेघ नागअळीची असते. पान उजेडासमोर धरले तर रेघेच्या रुंद टोकाशी, दोन पापुद्र्यांच्या मध्ये गर खात बसलेली पिवळसर अळी दिसते. अशी मोजकी पाने खुडून नष्ट केली की पुरते. मिरचीची पाने वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे (रस शोषणारे बारीक कीटक), खाली वळली तर कोळी (जाळे विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव), आणि हा कोळी तर कीटकही नव्हे. वहिनींच्या पालकावर भोकांशेजारी वाळलेला चकचकीत चिकट माग होता, म्हणजे गोगलगाय. ती रात्री विजेरी घेऊन वेचता आली असती.

राखेचे मात्र थोडे खरे आहे, एवढे मान्य करावे लागते. दवाने ओल्या असलेल्या काकडीच्या वेलावर ती भुरभुरली तर तांबडे भुंगेरे काही काळ दूर राहतात. पाऊस पडला की तीही धुऊन जाते.

फवारायचेच असेल तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनेही फवारावी. तंबाखू मारलेला पालक धुऊनही खाऊ नये आणि जनावरांपुढेही टाकू नये.