बी६५०ई ऐवजी बी६५० का दिला : निपाणीच्या ग्राहकांच्या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

निपाणीहून बेळगावला येऊन तुम्ही विश्वासानं आमच्याकडे स्टुडिओचा कॉम्प्युटर बांधून घेतलात, म्हणून तुमचा एक तारा मनाला लागला. तुमचं म्हणणं असं : मागितला बी६५०ई मदरबोर्ड (कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) आणि दुकानानं साधा बी६५० माथी मारला, जुना माल खपवला, त्यामुळंच नव्या कॅमेऱ्याचं फुटेज एडिटिंगच्या टाइमलाइनवर अडकतं. शिवाय पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहिली. बोर्ड मीच सुचवला होता, तेव्हा उत्तरही मीच देतो.

आधी जुन्या मालाचं. हे दोन्ही प्रकारचे बोर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये बरोबरच बाजारात आले आणि दोन्हींवरचा चिपसेट, म्हणजे बोर्डाची नियंत्रक चिप, एकच आहे. खरा फरक ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा. बी६५०ई वर तो पीसीआयई ५.० (कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गाची पाचवी पिढी) असतोच, साध्यावर बहुतेक वेळा ४.० असतो. या स्लॉटच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, थेट प्रोसेसरमधून निघतात. दुप्पट वेगाचा सिग्नल स्लॉटपर्यंत नीट पोचवायला बोर्ड वरच्या दर्जाचा करावा लागतो, त्याचे ते जादा चार-साडेचार हजार. तुमचं आरटीएक्स ४०६० कार्ड मात्र मुळातच ४.० चं, तेही आठ लेनचं. ५.० च्या स्लॉटात बसवलं तरी ते ४.० च्याच वेगानं चालणार.

म्हणून ते पैसे मी एसएसडीत, म्हणजे फायली साठवायच्या ड्राइव्हमध्ये, घालायला सांगितले, आणि १ टीबीच्या जागी २ टीबीचा घेतलात. लग्नसराईत जागाच आधी संपते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जेन ५ (पीसीआयई ५.० च्या) एसएसडीनं कॉपी लवकर होईल असं तुम्ही लिहिलंय. पण तुमच्या कॅमेऱ्यातल्या यूएचएस-टू मेमरी कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला ३१२ एमबी आहे, आणि तुमचा जेन ४ एसएसडी त्याच्या कितीतरी पट वेगानं लिहितो. वेळ लागतो तो मेमरी कार्डाला.

आता टाइमलाइन. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. कॅमेरा तुम्ही मशीन घेतल्यानंतर बदललात. नवा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) फुटेज देतो, आणि ते हार्डवेअरवर उलगडण्याची सोय तुमच्या आरटीएक्स ४० मालिकेतल्या ग्राफिक्स कार्डात नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. बोर्ड कुठलाही असता तरी हेच झालं असतं. आजच्या आज करण्यासारखं म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून एडिटिंग करा, नाहीतर कॅमेऱ्यात ४:२:० निवडा. पुढं पैसे घालायचेच झाले तर ५० मालिकेतल्या कार्डात घाला. त्यात ४:२:२ ची सोय आहे आणि ते तुमच्या याच बोर्डात बसतं. बोर्ड बदलून टाइमलाइन सुटणार नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

काळी स्क्रीन हा बिघाड नव्हे. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची जुळणी करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. त्या वेळी बटण दाबून बंद करू नका, एवढंच.

आणि एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. रिकामे दोन रॅम स्लॉट बघून आणखी दोन पट्ट्या आणू नका. तुमच्या रायझन ७ ७७०० ला एएमडीनं दोन पट्ट्यांवर ५२०० चा वेग दिलाय, चार भरल्या की तो ३६०० वर येतो. रॅम वाढवायची असेल तर दोन्ही पट्ट्या मोठ्या घ्या.

ज्याला ५.० चं कार्ड आणि जेन ५ एसएसडी लगेच लावायचेत, त्याला मी स्वतःच बी६५०ई देतो. व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, उष्णता घालवणारा हीटसिंक नसलेला स्वस्तातला बोर्ड मात्र तासन्‌तास रेंडर करणाऱ्या कुणालाच देत नाही. तुमच्या बोर्डाचे हीटसिंक बघूनच तो निवडला होता.

एवढ्यावरही शंका असेल तर नव्या कॅमेऱ्याच्या दोन-चार क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन टिळकवाडीच्या दुकानात या. तुमच्यासमोर तोच प्रोसेसर, तेच कार्ड दोन्ही बोर्डांवर लावून रेंडरची वेळ मोजू. बी६५०ई वर तुमचं काम खरंच लवकर झालं, तर फक्त किमतीतला फरक घेऊन बोर्ड बदलून देईन. येताना बिल आणि बोर्डाचा खोका आणा, आणि आदल्या दिवशी एक फोन करा म्हणजे मशीन मांडून ठेवतो.