पुढे जाणारा रिव्हर्स

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे, शेडपासून पुढच्या अंगणापर्यंत आमच्याच मालकीचा अकरा मीटरांचा बोळ आहे, आणि त्या बोळाची रुंदी अशी आहे की गाडी आत घातल्यावर दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन विती जागा उरते. या भूगोलाचा विचार गाडी बांधायला घेण्यापूर्वी करायला हवा होता, हे मला मान्य आहे. तीन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या खर्ची घालून मी चौकोनी पाइपांची चासी जोडली, पुढे एका मोटारसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन काटकोनात वळवून बसवले, मागे भंगारातून आणलेला ओम्नीचा एक्सल घातला आणि दोहोंमध्ये प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, टाकला. गाडी पहिल्यांदा स्वतःच्या बळावर अंगणात आली, त्या दिवशी घरात नारळ फुटला. फरशीवरचे नारळाचे पाणी वाळायच्या आत सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, आता ही परत आत कशी जाणार?"

या मोटारसायकलच्या गिअरबॉक्सला सहा गिअर आहेत आणि सहाही पुढे जाण्याचे आहेत. दुचाकीस्वाराला मागे यायचे असेल तर त्याला देवाने दोन पाय दिलेले आहेत. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. फक्त चासी, स्टिअरिंग आणि ब्रेक या थोर प्रश्नांपुढे ते क्षुल्लक वाटले होते. त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या तालमीतून चार पैलवान बोलावले आणि त्यांनी गाडी हसत हसत आत ढकलली. परतफेड म्हणून मी त्यांना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेले. समोर म्हशीची धार काढून दिलेले फेसाळ दूध पैलवान कसे पितो, हे ज्याने स्वतःच्या खिशातून पाहिले आहे, त्याला इलेक्ट्रिक रिव्हर्सची, म्हणजे विजेच्या मोटारीने गाडी मागे नेण्याच्या सोयीची, निकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हा प्रश्न माझा एकट्याचा नाही, याचा थोडा आधार वाटला. होंडाने १९८८ साली आपल्या गोल्डविंग या अवजड मोटारसायकलला रिव्हर्स दिला, तोही इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटारीच्या जोरावर. ब्रिटनमध्ये तर मोटारसायकलची इंजिने घातलेल्या घरगुती गाड्यांची मोठी परंपरा आहे, आणि तिथल्या नियमाप्रमाणे ४१० किलोंहून जड गाडीला चालकाच्या जागेवरून मागे नेता येण्याची सोय असावीच लागते. माझी गाडी त्याहून हलकी आहे, म्हणजे ब्रिटनमध्ये मला सूट मिळाली असती. परंतु ब्रिटिश कायद्याने आमचा बोळ पाहिलेला नाही. आपल्याकडे अशी गाडी रस्त्यावर आणायची तर तिचे प्रारूप आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावे लागते, त्यामुळे माझ्या गाडीचे साम्राज्य शेडपासून अंगणापर्यंतच आहे. अर्थात, त्यातला निम्मा प्रवास उलटाच असतो.

योजना कागदावर सोपी होती. मोटारगाडीच्या फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकाला, भोवताली दातेरी रिंग असते. स्टार्टर मोटारीचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, पुढे सरकून त्या दातांत अडकते आणि इंजिन फिरवते. हीच रिंग प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, बसवायची, शेजारी ब्रॅकेटवर स्टार्टर लावायचा आणि बटण दाबायचे. पिनियन आणि रिंग यांच्यात वेग साधारण दहापट कमी होतो, मागच्या एक्सलमधल्या दातेरी चाकांत, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, आणखी कमी होतो, आणि गाडी लग्नाच्या वरातीच्या वेगाने मागे सरकते.

शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी जुन्या फ्लायव्हीलवरची रिंग तापवून सोडवली, माझ्या फ्लँजसाठी लेथवर एक तबकडी काढली आणि रिंग पुन्हा तापवून तिच्यावर बसवली. थंड होताना रिंग आकसली आणि तबकडीला अशी आवळून बसली की मेस्त्रींनी तिच्यावर प्रेमाने हातोडी वाजवून दाखवली. "आता ही निघत न्हाई सर. आपन जाऊ, ही ऱ्हाईल." हे वाक्य त्या वेळी मला फार आवडले होते.

विजेच्या कामाबद्दल फार सांगत नाही. भार आला की स्टार्टर शेदीडशे अँपिअर सहज ओढतो, हे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी घरातली उरलेली वायर वापरली आणि तिचे आवरण ओघळले, एवढे पुरे. नंतर वेल्डिंगची जाड केबल आणि मोटारगाडीची बॅटरी आणली. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय रिव्हर्सला वीजच मिळू नये, अशी रिलेची जोडणी मात्र मी काळजीपूर्वक केली, कारण पिनियन अडकलेले असताना गाडी पुढे निघाली तर बिचारी स्टार्टर मोटार दहापट वेगाने उलटी फिरून फुटू शकते. बटण म्हणून शेतातल्या पंपाच्या पेटीवरचे हिरवे बटण लावले. ते ठसठशीत दिसते.

चाचणीला घरचे, शेजारचे आणि दुधाच्या आशेने तालमीतले दोघे असे सर्वजण बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. गाडी अंगणात, तोंड तुळशीवृंदावनाकडे. मी मान मागे वळवली, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि बटण दाबले. गाडी घरघरत, अत्यंत संथपणे आणि कमालीच्या निश्चयाने पुढे गेली. मी मागे पाहत असल्यामुळे बोळ लांब लांब जातो आहे एवढेच मला दिसले. "तुळस! अहो, तुळस!" अशी हाक आली तेव्हा मी बटण सोडले. बंपर आणि वृंदावन यांच्यामध्ये चार बोटे अंतर होते. लहानपणापासून त्या तुळशीला पाणी घालत आलो, त्याचे फळ असावे.

"वायरी उलट्या झाल्यात," असे मी अधिकारवाणीने जाहीर केले. मोटार सोडवून फरशीवर घेतली, एका पैलवानाने तिच्यावर पाय रोवला आणि मी बॅटरीचे धन टोक बॉडीला व ऋण टोक मोटारीच्या वायर जोडायच्या खिळीला लावले. मोटार फिरली, पण पहिल्याच दिशेने. पुन्हा बदलले, तरी तीच दिशा. मी अठरा वर्षे बारावीच्या वर्गाला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवतो आहे. त्या दुपारी मी भर अंगणात डाव्या हाताची तीन बोटे तीन दिशांना पसरून उभा होतो आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

शेवटी कोपऱ्यावरचे म्हातारे वायरमन अण्णा आले. त्यांनी मोटारीकडे एकदा आणि माझ्या बोटांकडे एकदा पाहिले. "सर, ही जुनी सिरीजची मोटार. हिच्यात चुंबक न्हाई, फील्डची गुंडाळी हाय. तुमी वायरी फिरवल्या की फील्ड बी उलटतंय आनि आतलं फिरतं आर्मेचर बी उलटतंय. भांडणाऱ्या दोघांनी एकदम बाजू बदलल्या, तर भांडण हाय तसंच ऱ्हातंय की." हे पाठ्यपुस्तकात आहे. मी परीक्षेत विचारलेलेही आहे. अण्णांनी जाता जाता एवढेच सुचवले की ती उलटी फिरली असती तरी उपयोग नव्हता, कारण पिनियनमागचा बेंडिक्स नावाचा भाग एकाच दिशेने जोर लावतो आणि दुसऱ्या दिशेने नुसता घसरतो.

मूळ गाडीत होती त्याच अंगाने मी मोटार बसवली होती, म्हणून ती मूळ गाडीच्या इंजिनाप्रमाणेच फिरत होती. उपाय एकच होता: मोटार रिंगच्या पलीकडच्या बाजूने, तोंड फिरवून बसवायची. त्यासाठी ब्रॅकेट नवा करावा लागला, त्याचे दुःख नाही. पण पिनियन सहज शिरावे म्हणून रिंगच्या दातांच्या कडा एकाच बाजूने उतरत्या केलेल्या असतात. म्हणजे रिंगसुद्धा उलटी करणे आले, आणि ती तर आमच्या पश्चातही राहणार होती. मेस्त्रींनी ती निम्मा दिवस घालवून काढली. त्या निम्म्या दिवसात ते माझ्याशी एकच वाक्य बोलले, आणि ते चहात साखर किती घालायची याबद्दल होते.

आता रिव्हर्स चालतो. दहा सेकंद चालवायचा, मग मोटारीला दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा दहा सेकंद, अशा दोन डावांत गाडी शेडमध्ये पोहोचते. एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. स्टार्टर मोटार कुठेही लावली तरी आवाज स्टार्टरचाच करते. दहा सेकंद घरघर आणि मग शांतता, पुन्हा घरघर आणि पुन्हा शांतता. गल्लीत ऐकणाऱ्याला वाटते की सरांची गाडी सुरू होत नाही. परवा मी निम्म्या बोळात दम खात थांबलो होतो, तेवढ्यात लंगोटावर टॉवेल गुंडाळलेले चौघे पैलवान धावत आले, मी काही सांगायच्या आत त्यांनी गाडीला खांदा लावला आणि उरलेले पाच मीटर आत ढकलून दिले.

संध्याकाळी आम्ही गंगावेशीत गेलो.