खाली १८५५, वर वेस्ट व्हर्जिनिया

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या लेखात दाखवलेल्या जुन्या ॲटलासमधल्या नकाशाच्या पानाच्या तळाशी ढळढळीत १८५५ छापलेलं असताना मी ते १८६३चं कसं म्हणतो, त्यात वेस्ट व्हर्जिनिया या अमेरिकी राज्याच्या पूर्व टोकाच्या दोन काउंट्या (म्हणजे जिल्हे) कुठे गेल्या, आणि जुनाच माल नवा म्हणून खपवणाऱ्या प्रकाशकांचं मी कौतुक का करतो, असं तुम्ही विचारलंय.

तळाचं १८५५ हे छपाईचं साल नाही. ‘काँग्रेसच्या कायद्यानुसार अमुक साली नोंदवले’ अशी ती ओळ आहे. म्हणजे न्यायालयाच्या कचेरीत प्रकाशनाचा हक्क (कॉपीराइट) नोंदवल्याचं साल. पुढे नकाशात फेरफार झाले तरी ही ओळ बरेचदा तशीच राही. न्यूयॉर्कचे नकाशा-प्रकाशक कोल्टन यांच्या नकाशांवर १८५५ची नोंद पुढच्या दशकातही दिसते.

नकाशे धातूच्या पत्र्यावर कोरून छापत. नवा पत्रा कोरायचा तर खर्च मोठा आणि महिने जाणार. म्हणून जुन्याच पत्र्यावरची तेवढी रेघ खरवडायची, मागून ठोकून खळगा वर आणायचा, घासून सपाट करायचा आणि नवी रेघ कोरायची. एवढीही सवड नसेल तर रंगावर भागवायचं, कारण रंग तेव्हा हातानेच भरत. माझ्याकडच्या पानावर गुलाबी रंग नव्या सीमेपाशी थांबतो, पण नव्या राज्याचं नाव इतकं दाटीवाटीनं घुसवलंय की डोंगरांच्या रेषा अक्षरांतून आरपार जातात. आधीपासून जागा ठेवली असती तर असं झालं नसतं.

आता त्या दोन काउंट्या. बर्कली आणि जेफरसन. २० जून १८६३ला व्हर्जिनियातून फुटून वेस्ट व्हर्जिनिया राज्य झालं तेव्हा त्या त्यात नव्हत्या, त्याच वर्षी नंतर आल्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर व्हर्जिनियानं त्या परत मागितल्या, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन १८७१ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूनं सुटला. तेव्हा नकाशा चुकलेला नाही, मधल्या अवस्थेतला आहे. पण इथे तुम्ही मला पकडलंत, हेही खरं. पत्रा एकदा दुरुस्त झाला की तेच पान पुढेही विकलं जाई, आणि वाद मिटेपर्यंत एखाद्यानं त्या काउंट्या मुद्दाम बाहेर ठेवल्या असतील. सीमेवरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच ठरतं. ‘१८६३चं’ असं छातीठोकपणे लिहायला नको होतं.

लबाडीचं म्हणाल तर निम्मं मान्य. मुखपृष्ठावर चालू साल आणि आत काही पानं जुनीच, हे सर्रास चाले. पण राज्यं आणि टेरिटऱ्याच (अजून राज्याचा दर्जा न मिळालेले प्रदेश) इतक्या भराभर बदलत होत्या, की सगळं अद्ययावत ठेवायचं म्हटलं असतं तर ॲटलास कधी बांधणीलाच गेला नसता. १८६३च्या मार्चमध्ये आयडाहो टेरिटरी झाली, आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तिच्यातून मोंटाना निघाली!

लेखातल्या चित्राखालची ओळ बदलून ‘जून १८६३ नंतर’ अशी केली आहे.