रास्टरच्या प्रत्येक सेलवर आकडा: एका प्रचलित सूचनेचा प्रतिवाद

क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांमध्ये एक सूचना वारंवार फिरत असते: ‘रास्टरवर सेलचे आकडे दाखवायचे असतील तर आधी त्याचे बिंदूंत रूपांतर करावेच लागते; मग जो आकडा दिसतो तेच त्या जागेचे मोजमाप असते; आणि आकडे जितके दाट, तितका नकाशा अचूक.’ रास्टर म्हणजे चौकोनी सेलच्या जाळीत मांडलेली माहिती; प्रत्येक सेलमध्ये एक आकडा असतो. सूचनेतील पहिले विधान एकेकाळी बरेचसे खरे होते. उरलेली दोन मात्र मुळातच चुकीची आहेत.

रूपांतराची सक्ती आता उरलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ३.४२ या आवृत्तीपासून रास्टर लेयरच्या (नकाशातील थराच्या) गुणधर्मांतच लेबलांचा स्वतंत्र विभाग आहे. कोणत्या बँडचा (रास्टरमधील आकड्यांच्या एका संचाचा) आकडा घ्यायचा, तो कसा लिहायचा आणि सेल पडद्यावर किती मोठा झाल्यावर तो उमटावा, हे तेथेच ठरवता येते. याउलट एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या उंची-मोजणीच्या, सुमारे ३० मीटर विभेदनाच्या (म्हणजे एक सेल जमिनीवर सुमारे ३० मीटरचा) माहितीतील एक अंश बाय एक अंशाच्या एकाच फाइलमध्ये ३,६०१ ओळी आणि तितकेच स्तंभ, म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख सेल असतात, आणि केवळ आकडे दिसावेत म्हणून तेवढ्या बिंदूंचा वेक्टर लेयर (बिंदू, रेषा अशा आकृत्यांचा थर) तयार करणे हा संगणकाचा छळ आहे. जुनी आवृत्ती असेल तर हवा तेवढाच तुकडा कापून त्याचे बिंदू करावेत. चार-दोन जागांपुरते काम असेल तर सेलवर क्लिक करून त्याचा आकडा दाखवणारे आयडेंटिफाय हे साधन पुरते.

दुसरे विधान अधिक नुकसान करते, कारण त्यातली चूक नकाशावर दिसत नाही. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या ‘कलेक्शन २’ या माहितीसंचातील भूपृष्ठ-तापमानाचा बँड उघडला तर एखाद्या सेलवर ४९५०० असा आकडा दिसतो. हे तापमान नव्हे. त्याला ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवल्यावर सुमारे ३१८.२ केल्विन, म्हणजे साधारण ४५ अंश सेल्सिअस मिळतात. आणि तेही जमिनीच्या पृष्ठभागाचे, हवामानवृत्तात सांगितले जाते त्या हवेचे नव्हे. हा गुणक प्रतिमेसोबतच्या माहिती-फाइलमध्ये दिलेला असतो, तेव्हा आधी रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये गणित करून मगच लेबले लावावीत. आणखी एक फसगत नेहमी होते: रास्टर निर्यात करताना मूळ माहितीऐवजी ‘रंगवलेली प्रतिमा’ हा पर्याय निवडला गेला, की नव्या फाइलमध्ये ० ते २५५ मधले रंगांचे आकडे उरतात. त्यांच्यावर लेबले तितक्याच सुबकपणे बसतात, हीच अडचण आहे.

आकड्यांच्या दाटीने अचूकता वाढते, हेही खरे नाही. लँडसॅट ८ आणि ९ वरील औष्णिक संवेदक १०० मीटर विभेदनाने मोजतो. वितरित प्रतिमेत ती मोजणी ३० मीटरच्या सेलमध्ये पुन्हा मांडलेली असते. म्हणून शेजारच्या दोन सेलवर ४४.९ आणि ४५.१ असे आकडे दिसले, तरी तेवढ्यावरून एक प्लॉट दुसऱ्यापेक्षा तापलेला आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय ३० मीटरचा सेल १:५,००० प्रमाणावर ६ मिलिमीटरचा, तर १:५०,००० वर ०.६ मिलिमीटरचा होतो. तिथे आकडा मावणारच नाही.

उष्णतेच्या नकाशावर आकडे हवेच असतील, तर शेजारच्या काही सेलची सरासरी काढून एकच लेबल दाखवण्याची सोय लेबलांच्या याच विभागात आहे, ती वापरावी. वर्गीकृत रास्टरला, म्हणजे ज्यातले आकडे मोजमाप नसून प्रकारांचे क्रमांक असतात त्याला, मात्र ती कधीही लावू नये. युरोपीय अवकाश संस्थेच्या (ईएसए) वर्ल्डकव्हर या भू-आच्छादनाच्या नकाशात ४० म्हणजे शेती आणि ८० म्हणजे कायमचे पाणी. तलावाकाठच्या शेताची सरासरी ६० येईल, आणि ६० हा तेथे उजाड किंवा विरळ वनस्पतींच्या जमिनीचा क्रमांक आहे.