तक्ते नकोत, बोलायला लावा

शिक्षकांसाठीच्या एका लेखात सहावी ते आठवीच्या इंग्रजीसाठी गटाने तक्ते, भित्तिपत्रकं करून घ्यायला सुचवलंय. कल्पना वाईट नाही, पण वर्गात होतं काय? चांगलं अक्षर असलेली एक मुलगी लिहिते, दुसरा रंग भरतो, बाकीचे पट्टी-पेन्सिल धरून बसतात. इंग्रजी कुणाच्याच तोंडून येत नाही. त्यापेक्षा आठवडी बाजाराचा रेडिओ कार्यक्रम करून बघा. आमच्या शाळेत सातवीला हा हमखास चालतो. एक निवेदक, एक भाजीवाली, एक घासाघीस करणारं गिऱ्हाईक, आणि एकजण मोबाइलवर रेकॉर्डिंग करणारा. पुढच्या वेळी भूमिका बदलायच्या, म्हणजे मागच्या बाकावरचाही सुटत नाही. खरी गंमत ऐकताना येते. 'हाऊ मच इज टोमॅटोज' ऐकलं की पोरंच ओरडतात, "बाई, 'आर' पाहिजे!" आणि परत रेकॉर्ड करायला पळतात. लाल पेनाने तीच चूक दहादा दाखवली असती तरी हे झालं नसतं.

आणि हो, गटातली चर्चा मराठीत झाली तरी होऊ द्या. संवाद इंग्रजीत आला म्हणजे झालं. गुणांचं म्हणाल, तर आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि प्रकल्प दोन्ही आहेतच, वेगळा खटाटोप नको. फक्त गुण गटाला सरसकट देऊ नका. ज्याने त्याने आपलं वाक्य बोलून दाखवायचं. साठ मुलांच्या वर्गात याला दोन तासिका लागतात, तेवढी तयारी ठेवा.