सिकलसेलचं खरं कोडं लॅबमध्ये सुटलं
लेखात सिकलसेलवर (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार) जीन एडिटिंगचा, म्हणजे जनुकातच बदल करण्याचा, इलाज आल्याचं छान सांगितलंय, पण तो सापडला कसा हे एका ओळीत उरकलंय राव, खरी कमाल तर तिथंच आहे. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाला हा त्रास होतच नाही कारण अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते नंतर बंद का पडतं हे शोधता शोधता २००८ मध्ये बोस्टनचे शास्त्रज्ञ स्टुअर्ट ऑर्किन यांच्या लॅबने बीसीएल११ए हा जीनच ते बंद करतो असं दाखवलं, आणि तोच ढिला करणाऱ्या कॅसजेव्ही या जीन एडिटिंगच्या इलाजाला २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे १५ वर्षं! माझा भाचा गडचिरोलीकडचा, थंडी पडली की गुडघे पोटाशी घेऊन कण्हतो, ताई रात्रभर तव्यावर फडकं गरम करून शेकत बसते. त्याला हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे, तीपण तेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, गोळी कधीच चुकवू नका हे कळकळीने सांगतो. पण कॅसजेव्हीची अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, वर आधी केमो घ्यावी लागते, आमच्या पोरांपर्यंत ते कसं पोचणार यावर पुढचा लेख लिहाच प्लीज.